काऊन निंगाला?

दिवाळीच्या आधी जुनी ॲक्टिव्हा विकायला काढली. गिऱ्हाईक फाटकाशी उभं आणि मी डिक्की रिकामी करतोय. पीयूसीची जुनी कागदं, वाळून दगड झालेलं लिंबू, पोरीचं कर्कटक आणि अगदी तळाशी पन्नीत गुंडाळलेली डॉक्टरची चिठ्ठी. बाबांची. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची, शुगरची, शिवाय रात्री झोपताना अर्धी. घडीवर फाटली होती म्हणून मी तिला सेलोटेप लावला होता, तो आता पिवळा पडलाय. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाच्या तीन तिरक्या रेघा आहेत. आमच्या चौकातला एक शिपाई चिठ्ठी पाहिली की अशी रेघ मारायचा. का मारायचा, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो मात्र मला दर वेळी विचारायचा.

"काऊन निंगाला?"

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, काऊन म्हणजे का. पण 'का' विचारलं तर माणूस उत्तर देतो, 'काऊन' विचारलं की आधी थोडा दचकतो. लहानपणी उशिरा घरी आलो की आजी ओट्यावरून हेच विचारायची. २५ मार्च २०२०ला कोरोनाची टाळेबंदी लागली, तेव्हापासून अख्ख्या शहराला तोच प्रश्न विचारला जाऊ लागला आणि उत्तर म्हणून खिशात कागद ठेवायची आम्हाला सवय झाली.

त्या शिपायाबद्दल माझी तक्रार नाही. चौकात झाड नाही, सावली फक्त बंद पडलेल्या रसवंतीच्या टिनाची. डोक्याला ओला दुपट्टा, त्यावर टोपी, हातात काठी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यापुढे दोन पोरं कान धरून उठाबशा काढत होती आणि तिसरा मोजत होता. मोजणाराही पकडलेलाच होता. त्याने मध्येच आकडा चुकवला, तेव्हा शिपायासकट सगळे हसले. मीही हसलो. माझ्या खिशात चिठ्ठी होती ना.

माझ्यामागे एक माणूस कूलरचा पंप घेऊन उभा होता. जळालेला पंप पिशवीत, घरी म्हातारी आई, आणि पंप बांधून देणारा कुठल्याशा गल्लीत घरूनच काम करतो म्हणे. शिपाई म्हणाला, "हे काही अत्यावश्यक नाई." खरंच यादीत नव्हतं. दूध, किराणा, औषध, भाजी, बँक. यादी करणारा जिथे बसला होता तिथे मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या बदलायला लागत नसाव्यात. त्या वर्षी मेअखेर पारा ४५च्या पुढे गेला होता. पन्नाशीच्या त्या माणसाने शेवटी पिशवी पोटाशी धरली आणि मुकाट गाडी वळवली. त्याच्याकडे काऊनचं उत्तर होतं, कागद नव्हता.

आता खरं सांगायचं तर मी त्या दिवसांत कडक बंदीच्याच बाजूचा होतो. शहरात पहिला रुग्ण ११ मार्चला सापडला होता. तुकाराम मुंढे महापालिकेचे आयुक्त होते आणि त्यांचे व्हिडिओ मी तीन ग्रुपांवर पाठवत होतो. "आपल्या लोकांना हीच भाषा कळते" हे वाक्य मी स्वतः टाइप केलेलं आहे. पुढे सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा ही नावं रोज बातम्यांत यायला लागली. सतरंजीपुऱ्यातून हजारावर माणसं उचलून विलगीकरणात नेली, तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. त्यात दोन टाळ्या माझ्या. मी इतवारीतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, त्या भागातून महिन्यातून चारदा जातो. तिथे घरं एकमेकांना टेकून उभी आहेत हे मला माहीत होतं. 'अंतर ठेवा' म्हणजे कुणी कुठे ठेवायचं, हा प्रश्न मला पडायला हरकत नव्हती. पडला नाही. माझ्याकडे टेरेस होता.

वाद घालायला माझा एक मित्र होता. जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कोर्ट बंद, त्यामुळे रिकामा. रोज रात्री साडेनऊला त्याचा फोन.

"तुले माहीत आहे का, हा साथरोग कायदा केवढा आहे? चार कलमं. एस्टीच्या तिकिटामागं छापता येईल."

खरंच आहे ते. ४ फेब्रुवारी १८९७चा कायदा. मुंबई-पुण्यात प्लेग आला तेव्हा घाईघाईने केलेला. दुसरं कलम म्हणतं, सरकारला वाटेल ते उपाय करता येतील. तिसरं म्हणतं, न ऐकणाऱ्याला तेव्हाच्या दंडसंहितेच्या १८८ खाली शिक्षा. चौथं म्हणतं, सद्हेतूने केलेल्या कारवाईबद्दल कुणावर दावा लावता येणार नाही. संपला कायदा. किती दिवस, कुठवर, कुणाला विचारून, चुकलं तर भरपाई कोण देणार, यातलं त्यात काही नाही.

शाळेत आपण रँड शिकलो, चाफेकर बंधू शिकलो, २२ जून १८९७ची रात्र आणि गणेशखिंडीचा रस्ता शिकलो. गोरे सोजीर घरात घुसून कपडे फेकतात, बायकांना उघड्यावर तपासतात, हे चित्र डोळ्यांपुढे आहे. पण ज्या कायद्याच्या जोरावर तो कारभार चालला तो कायदा आपण त्यानंतरही जपून ठेवला, हे कुठल्या धड्यात नव्हतं. रँडला गोळी लागली, कायद्याला खरचटलंसुद्धा नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची. ती योग्यच होती. पण घरात बसवलेल्या माणसाच्या बाजूने त्यात एक ओळ आली नाही.

"आणि जमावबंदीचं १४४?" वकील पुढे सरकायचा. "आपल्या नागपुरात १९२३मध्ये काय झालं होतं?"

हे मात्र मला माहीत होतं. झेंडा सत्याग्रह. मे महिन्यात, म्हणजे असल्याच उन्हात, झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या लोकांना अडवलं ते १४४ लावूनच. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल आले, ऑगस्टपर्यंत देशभरातून तुकड्या येत राहिल्या. रोज निघायचं, अडवलं की अटक करून घ्यायची.

"त्यांनी नियम मोडला," वकील म्हणाला. "तू काय करून राहिला? चुकवून राहिला."

त्याचं असं होतं की तिसऱ्या आठवड्यात मी बाबांची चिठ्ठी खर्ऱ्यासाठी, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून करतात त्यासाठी, वापरली. लाजायचं काय. पंचवीस वर्षांची सवय. आमच्या पानठेल्यावाल्याने ठेला बंद करून घरामागच्या दारातून धंदा चालू केला होता. दार दोनदा वाजवायचं, बोलायचं नाही. तो आत अंधारात पन्नी पाटीवर धरून खर्रा घोटायचा, त्याचा तो चर्रचर्र आवाज बाहेर यायचा, आणि गल्लीत उभे असलेले आम्ही चार सभ्य माणसं एकमेकांकडे न पाहता त्या आवाजाकडे कान लावून असायचो. तीस-चाळीसचा खर्रा शंभरला. जाताना चौकात शिपाई, खिशात चिठ्ठी. "बाबांची गोळी संपली, साहेब." रेघ. येताना तोंड भरलेलं, वर मास्क. बोलायची सोय नाही म्हणून नुसती मान हलवायची.

मास्क लावून खर्रा खाणं ही नागपूरची स्वतःची कला आहे. असो.

सांगायचं हे की, शिपायाला मी खोटं सांगत होतो आणि त्याच वेळी घरी बसून नियम न पाळणाऱ्यांना शिव्या देत होतो. या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात. वकिलालाही हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच तर चालते सगळं."

दुसरी बाजू माझ्या साळ्याची. तो लॅब टेक्निशियन, त्या वर्षी स्वॅब घ्यायला होता. किट घातलं की सहा तास पाणी नाही, लघवी नाही. त्याला मी एकदा वकिलाचा मुद्दा ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, तुमच्या वकिलाले म्हणा, एक दिवस इथं येऊन उभा राह्य. किट काढलं की बुटातून पाणी ओततो मी, घामाचं. तुमचं स्वातंत्र्य मले मंजूर आहे. पण तुम्ही बाहेर फिरता त्याचा हिशेब माह्या नाकाजवळ येते."

दोघांचंही बोलणं मला पटायचं. वकिलाचा फोन ठेवला की मी वकील, साळ्याचा ठेवला की साळा. अजूनही माझं तसंच आहे. कुणी विचारलं की बंदी बरोबर होती का, तर मला आधी तारीख विचारावी लागते. मार्च २०२०मध्ये आजार कसा वागतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा थांबवणं समजू शकतो. पण रात्री आठला सांगून बाराला देश बंद करायचा, आणि मजुरांनी जायचं कसं याचा विचार नंतर, हे मला तेव्हाही कळलं नाही. आपलं शहर मध्यावर. हैदराबादहून उत्तरेकडे जाणारा माणूस आमच्या दारावरूनच जाणार. वर्धा रोडवर पांजरी नाक्याकडे लोक पोळी-भाजी घेऊन जात होते, मीही दोनदा गेलो. एका बाईच्या पायांत पाण्याच्या बाटल्या चेपून केलेल्या चपला होत्या, चिंधीने बांधलेल्या. तिला कुणी काऊन निंगाला विचारलं असतं तर तिच्याकडे कोणती चिठ्ठी होती?

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

मे महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा मुंबईहून आला. रात्री आला, कुणाच्या तरी मालाच्या ट्रकमध्ये बसून. सकाळी टेरेसवर वाळवण टाकताना बायकोला दिसला, कडुनिंबाखाली दात घासत होता. आमच्याकडे बाबा ७८ वर्षांचे. मुंबईचे आकडे रोज टीव्हीवर. बायको म्हणाली, "काकूंशी बोला." मी बोललो नाही. मी पेपरात छापून आलेल्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला, घराचा रंग विचारला, माझं नाव विचारलं. नाव गुप्त राहील म्हणाली. मी नाव सांगितलं नाहीच. पूर्ण फोन दोन मिनिटांचा. ठेवल्यावर मला फार बरं वाटलं होतं. आपण काहीतरी केलं असं.

दुपारी गाडी आली. पांढऱ्या किटातली माणसं उतरली. काकू, काका, मुलगा आणि दहावीतली मुलगी, चौघं. काकूंनी गॅस बंद केला का म्हणून मुलगी परत आत गेली, तर एकाने तिला हाताने थांबवलं. धक्का वगैरे नाही, नुसता हात आडवा. ती तिथेच थांबली. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत माणूस. काकूंनी दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरला होता. तो मास्क म्हणून की दुसऱ्या कशासाठी, ते मला टेरेसवरून कळलं नाही. मग गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. दूधवाल्याने सवयीने दुसऱ्या दिवशी पिशवी फाटकाला अडकवली. ती तीन दिवस तिथेच फुगत राहिली. चौथ्या दिवशी फुटली.

चौदा दिवसांनी चौघंही परत आले. तपासणीत काहीच निघालं नव्हतं. काकूंची तुळस वाळली होती, मुलीशी तिच्या मैत्रिणी बोलेनात. काकू आमच्या फाटकापाशी अंतर ठेवून उभ्या राहिल्या आणि बायकोला म्हणाल्या, "कोणीतरी फोन केला म्हणे." मी मागून म्हणालो, "लोकायले काही काम नाई उरलं."

वकील सरकारच्या मर्यादांबद्दल बोलायचा तेव्हा मला सरकार म्हणजे दिल्ली दिसायची, फार तर मुंबई. त्या दुपारनंतर टेरेसही दिसू लागला. सरकारचे हात लांब असतात म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला लांब करावे लागले नाहीत. एक नंबर छापून दिला, बाकीचं मी केलं. आणि तरी, मुलगा पॉझिटिव्ह निघाला असता तर मी आज हे अभिमानाने सांगत असतो, हेही तितकंच खरं. त्या दिवशी काकूंशी बोललो असतो तर कदाचित मुलगा वरच्या खोलीत चौदा दिवस आपणहून राहिला असता. मी डबाही दिला असता. पण बोलायला फाटकापर्यंत जावं लागतं.

त्या ऑगस्टमध्ये तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघाली नाही. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे, शंभरावर वर्षांची परंपरा, इतवारी-महालातली ती गर्दी, आणि "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी. रोगराई हाकलायची मिरवणूक रोगराईमुळेच बंद. बाबा त्या सकाळी फाटकाशी जाऊन नुसतेच उभे राहिले, हात मागे बांधून, बराच वेळ.

मग २०२१. लोक विसरतात, पण १५ मार्चपासून आमच्याकडे पुन्हा टाळेबंदी लागली. ११ तारखेला पालकमंत्री नितीन राऊत यांनी जाहीर केली, राज्याच्या कितीतरी आधी. या वेळी इतवारीतले माझे व्यापारी भडकले. मागच्या वर्षीचं व्याज अजून फिटलं नव्हतं. एक कापडवाला मला म्हणाला, "मले एक सांगा, कपड्याच्या दुकानात कोरोना बसते अन् किराण्याच्या दुकानात नाई?" मी हसलो. पण त्याच्या वहीत मी स्वतः लिहिलेले आकडे होते, त्यामुळे फार वेळ हसता आलं नाही.

आणि एप्रिल आला. त्याबद्दल थोडंच लिहितो. उमरेडहून माझ्या काकांना आणलं. माझ्या हातात पुन्हा चिठ्ठी, या वेळी कोरोनासाठी देत त्या रेमडेसिविर इंजेक्शनची. मागच्या वर्षी माझा कागद प्रत्येक चौकात चालला होता. या वर्षी एकाही खिडकीत चालला नाही. चौकात शिपाई होते, पण मला कुणी थांबवलं नाही, गाडीतलं बघून हातानेच जा म्हणाले. मला वाटत होतं, थांबवा. विचारा काऊन निंगाला. कुणीतरी कागद वाचा. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ कुप्यांचा हिशेब मागत होतं. २३ तारखेला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे शहरात आली, तेव्हा बातमी पाहून माझी बायको रडली. काका त्याच्या चार दिवस आधी गेले, पाचव्या दवाखान्याच्या पायरीवर मी उभा असताना, गाडीत. रेमडेसिविर वापरा असं आम्ही सांगत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरातच म्हटलं होतं, हे मला पुढे कळलं. घाटावर वीस माणसांना परवानगी होती. आम्ही तिघं होतो.

रात्री साडेनऊला वकिलाचा फोन आला. तो काहीच बोलला नाही. मीच म्हणालो, "आता सांग, सरकार जास्त झालं का कमी?" तो म्हणाला, "जिथं नको होतं तिथं जास्त." मग बराच वेळ आम्ही फोन कानाला लावून बसलो.

लसीच्या वेळी बाबा अडले. सुईची भीती नव्हती, "माह्या अंगात काय टाकायचं ते मी ठरवीन" असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं, मग ओरडलो, मग म्हणालो, लस घेतल्याशिवाय तुमच्या गोळ्या आणणार नाही. घेतली त्यांनी. २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लस घ्यायची जबरदस्ती कुणावर करता येणार नाही, शरीरावरचा हक्क कलम २१मध्ये येतो. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला निर्बंध घालता येतील, ते त्या परिस्थितीला साजेसे हवेत. मी ती बातमी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे तू माह्यावर केली ते बेकायदा." आणि हसले. त्याआधी महिनाभर, पाडव्याच्या तोंडावर, राज्यातले सगळे निर्बंध उठले होते. त्या पाडव्याला आमच्या चौकातली रसवंती पुन्हा चालू झाली.

गाडी गेली. चिठ्ठी मी फेकली नाही, पण कुठे ठेवावी हेही कळेना, म्हणून सध्या ती फ्रिजवर आहे. बाबांच्या आताच्या गोळ्या वेगळ्या आहेत.

परवा काकू आल्या होत्या. त्यांच्या गल्लीत गटाराचं झाकण तुटलंय, पोरं सायकली घेऊन पडतात. मुलगी आता पुण्याला नोकरीला आहे, ती आली की तिच्या लग्नाचं बघायचं आहे. बायकोने चहा ठेवला. काकू कपबशी हातात घेऊन मला म्हणाल्या, "भाऊ, महापालिकेचा तो हेल्पलाइनचा नंबर असंल ना तुमच्याकडं?"

मी मोबाईल काढला. 'मनपा कोरोना' या नावाने तो अजून सेव्ह आहे. एकेक आकडा वाचून दाखवला. काकूंनी चष्मा लावला आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यावरच्या पेन्सिलीने आपल्या पिशवीतल्या बिलामागे तो लिहून घेतला.

"चालू आहे ना पण अजून?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा तर लगेच उचलला होता," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. काकूंनी बिलाची चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवलं आणि उरलेला चहा संपवला.